वैशाखातला डाळिंबी कोट

मला अंगावर चकचकीत प्लॅस्टिक घालायला आवडतं. एवढं एक वाक्य लिहून मी दोनदा उठले, एकदा दूध बघायला आणि एकदा उगाच. आता बसते आणि सांगूनच टाकते.

प्लॅस्टिक म्हणजे पिशव्यांचं नव्हे. सून म्हणते, त्याला पीव्हीसी म्हणायचं. रिक्षाच्या सीटच्या जातीचं, पण त्याहून मऊ, पातळ, आणि पाण्याने भरलेल्या परातीसारखं चमकणारं. सत्तरीला आलेल्या बाईने, तेही आमच्यासारख्या घरातल्या, असलं काही आवडून घ्यावं हे कोणाला पटायचं नाही. मलाही सुरुवातीला पटलं नव्हतं.

आमचं घर पंचवटीतलं, यात्रेकरूंचे विधी करणारं. लांबलांबून लोक येतात, गोदेवर आईवडिलांचं श्राद्ध करतात आणि जेवायला आमच्याकडे बसतात. तो स्वयंपाक चाळीस वर्षं मी केला, सोवळ्यात. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धुतलेलं लुगडं उंच दांडीवर काठीने वाळत टाकायचं, काठीनेच काढायचं, मध्ये कोणाचा हात लागता कामा नये. लागला किंवा ते वाळलं नाही, तर पुन्हा भिजवायचं आणि ओलंच नेसायचं. पाहुणे काही लुगडं वाळायची वाट बघत नाहीत. त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस मी ओलेती. पौषातल्या सकाळी ओलं सुती लुगडं मांडीला कसं चिकटतं, चुलीपुढे त्याची एक बाजू वाफाळते आणि दुसरी बर्फासारखी गार राहते, नडगीवरून थेंब उतरून टाचेखाली कसा जातो, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. तक्रार नाही करत हं. पण कातडी काही विसरत नाही.

तर झालं असं. माघातली गोष्ट. सून सातपूरला एका कारखान्यात हिशेबनीस आहे. रेनकोट, एप्रन, मोटारींची आच्छादनं असलं काही बनवतात तिथे. त्या दिवशी ती डबा विसरली. मुलगा बदलीच्या गावी, हे विधीला गेलेले. मीच रिक्षा केली आणि डबा घेऊन गेले.

सून मीटिंगमध्ये होती, म्हणून मला आत बाकड्यावर बसवलं. आणि तो वास आला. कसा सांगू? नव्या बाहुलीचं डोकं हुंगलं तर येतो तसा, शाळा सुरू होताना नव्या दप्तराचा येतो तसा, आणि त्याच्या मागे थोडासा नुकत्या विझलेल्या मेणबत्तीचा. समोर मोठमोठे गुंडाळे उभे होते, काळे, पिवळे, पांढरे, आणि एक लाल. लाल म्हणजे कुंकवाचा नाही. डाळिंब सोलल्यावर दाण्यात जो लाल असतो, आतून उजेड असलेला, तो.

एक बाई मशीनवर बसली होती. तिने मला बघताना बघितलं.

"आज्जी, हात लावा की. चावत नाय ते."

मी तळवा ठेवला. गार. घामेजलेला हात आधी चिकटला, मग सरकला, आणि मागे एक धूसर ठसा राहिला. बघता बघता तो ठसा विरून गेला. मी पुन्हा हात ठेवला.

"याचे टाके कुठे गं? शिवण दिसत नाही," मी म्हटलं.

"टाकाच नाय मारत याला. सुई घातली का भोक पडतं, भोक पडलं का पानी शिरतं. दोन कडा एकावर एक धरायच्या अन् मशीननं दाबायच्या. हे बघा." तिने पायाने काहीतरी दाबलं, गुं असा आवाज झाला, आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा झाला. "लय मजा वाटते ना? मला बी पहिले वाटायची. आता पाय दुखतेत."

मग तिने मागच्या खोक्यातून एक कोट काढला. परदेशी ऑर्डरचा. पायघोळ, उंच कॉलरचा, त्याच डाळिंबी रंगाचा.

"डावी बाही बोटभर आखूड हाय, म्हनून बाजूला टाकलाय. उभ्या राहा बरं."

मी नको नको म्हणेपर्यंत एक हात आत गेलासुद्धा. साडीवरून घातला तिने. उन्हाळ्यात ब्लाउज घामाने भिजल्यावर आपण फरशीवर पाठ टेकतो, त्यातला पहिला क्षण आठवा. तसं झालं, दंडावर, मानेवर. आणि मग हळूहळू तो कोट माझ्या उबेचा झाला. मी हात हलवला तर चर्र असं बोलला. वरच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ खांद्यापासून मनगटापर्यंत पळत गेली, हात वर केला की परत आली. माझ्या हातावर असा उजेड कधी पळाला नव्हता.

सून बाहेर आली तेव्हा मी तशीच उभी. "आई?" एवढंच म्हणाली ती. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने तो कोट तिथल्या माणसाला विचारून घेतला. बाहीत खोट होती, त्यांना काही अडचण नव्हती.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस माझ्या दुपारी बदलल्या. हे जेवून बाहेरच्या खोलीत आडवे झाले की मी मागच्या खोलीचं दार लोटायची. दंडांना पावडर लावायची, नाहीतर अस्तर नसल्यामुळे हात अडकतो. मग कोट. आरशासमोर नुसती उभी राहायची. कोपर वाकवलं की कोपरात उजेडाची घडी पडते. एका बाहीवर दुसरी बाही घासली तर आवाज करते, पण सावकाश घासली तर करत नाही, लोण्यासारखी सरकते. गालाला कॉलर लावली की कान थंड होतो. मी हे सगळं एखाद्या लहान मुलीसारखं करून बघत होते. अर्ध्या तासाने आत घाम यायचा, पाठीवरून ओघळायचा. तुम्ही म्हणाल, मग ओलीच की. हो, पण तो माझा ओलावा होता, माझ्या वेळेला आलेला. आणि काढावासा वाटला की काढता यायचा.

त्याच सुमारास यांनी कुठूनसा उंदराचा सापळा आणला आणि मागच्या खोलीत पलंगाखाली पापडाचा तुकडा अडकवून ठेवला.

"घरात उंदीर झालाय," म्हणाले.

मला काही उंदीर दिसला नव्हता. पण म्हटलं असेल.

एकदा सून लवकर घरी आली आणि दार ढकलून सरळ आतच. मी पलंगावर बसलेली, कॉलर वर करून. तिने हसू दाबलं.

"उकडत नाही का आई?"

"उकडतं की."

"मग बाहेर घाला ना, वाऱ्याला."

"बाहेर? आभाळ कोरडं ठणठणीत. लोक म्हणतील म्हातारीला भ्रम झाला."

"अहो, रेनकोट नाहीये तो. फॅशनचा आहे. तिकडे बायका कोरड्यातच घालतात."

"तिकडे."

"मग इकडे तुम्ही घाला."

ती चहा टाकायला गेली आणि माझं स्वास्थ्य गेलं. तोवर दार लोटून मला पुरत होतं. आता वाटायला लागलं, एकदा, एकदाच, लोकांसमोर. कोणीतरी बघावं. हात वर केला की उजेड पळतो ते दुसऱ्या कोणाला दिसावं. भाजी चिरताना तेच, जप करताना तेच. माळेचे मणी बोटांतून सरकायचे आणि मला बाहीच आठवायची.

वैशाखात मला सत्तर पूर्ण होणार होती. आमच्यात सत्तरीची शांती करतात. बहुतेक पुरुषांचीच करतात, पण यांनी स्वतःची झाल्यापासून धरून ठेवलं होतं की हिचीही करायची. होमहवन असतं, शेवटी पाटावर बसवून कलशांतलं पाणी डोक्यावर ओततात. ते ओलं वस्त्र आचार्यांना द्यायचं आणि आपण कोरं नेसायचं. एका सकाळी यांनी विचारलं,

"नवं लुगडं कोणतं घ्यायचं तुला? पसंत करून ठेव. आदल्या दिवशी धावपळ नको."

"लुगडं तुम्ही आणाल ते. त्याच्यावरून मी कोट घालणार आहे."

"कसला कोट?"

मी आणून दाखवला. यांनी चष्मा लावला, चिमटीत कापड धरलं, वास घेतला.

"चामडं आहे?"

"नाही. गाईबैलाचं काही नाही त्यात, सुनेने कारखान्यात विचारलंय."

"पण हे सोवळ्यात बसतं का?"

याचंच तर उत्तर मी आठवडाभर घोळवत होते. "रेशीम का चालतं हो तुम्हाला?"

"रेशीम विटाळत नाही. धरून ठेवत नाही काही."

"मग हे तर पाणीसुद्धा धरून ठेवत नाही. रेशमाच्या वरचं झालं की."

यांनी चष्मा काढला. शास्त्रार्थात बायकोने पकडलं की यांचा उजवा कान हलतो. तो हलला. मग म्हणाले, "कोरा आहे का? वापरलेला चालणार नाही."

"कोराच आहे," मी म्हटलं.

पंधरा-वीस दुपारी घातलेला कोट. विधीला बसलेल्या यजमानांना खरं बोला म्हणून सांगणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं, आणि आत येऊन पाणी प्यायले.

आता खोटं बोललेच होते, तर निदान इथून पुढे तरी तो कोरा राहावा म्हणून मी तो ठेवून द्यायचं ठरवलं. आणि मौल्यवान वस्त्र ठेवायची एकच रीत मला येते. माझा शालू पन्नास वर्षं टिकलाय तो तिच्यामुळे. मी कोटाची चार पदरी घडी घातली, घड्यांमध्ये वर्तमानपत्राचे कागद सारले, कोपऱ्यांत डांबरगोळ्या ठेवल्या, आणि लोखंडी पेटीत तळाशी ठेवून वरून जड चादरी दाबल्या. पेटी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. किल्ली सुनेच्या हातात दिली.

"मी मागितली तरी देऊ नकोस."

"नक्की?"

"हात जोडले तरी देऊ नकोस."

तिसऱ्या दिवशी हात जोडले. दिली नाही तिने, गुणी पोर.

ते दोन-अडीच महिने मी कसे काढले! हाताला चैन नाही. बँकेतल्या खुर्चीच्या पाठीवर हात फिरव, डॉक्टरांच्या तपासायच्या टेबलावर फिरव, शेजारणीच्या नव्या टेबलक्लॉथवर फिरव. ती बिचारी फडकं घेऊन आली, तिला वाटलं सांडलंय काही. एकदा द्वारका चौकात रिक्षा अडकली, पुढे ट्रक, मागे बस. माझी बोटं सीटवर चाललेली. रिक्षावाल्याने आरशातून तीनदा बघितलं.

"मावशी, काही हरवलं का?"

"नाही बाबा. सीट नवीन का?"

"कालच बसवली. आवडली का?"

"थोडी खरबरीत आहे."

तो मागे वळून बघायलाच लागला. मी हात पदराखाली घेतला. घरी येऊन दोनदा गच्चीवर गेले, पेटीला कुलूप आहे का बघायला. पेटी उन्हाने तापलेली, हात ठेववत नव्हता. आत कोटाला बरं वाटत असेल, असं काहीतरी मनात आलं माझ्या. थंडीत मी किती कुडकुडले आहे, म्हणून मला ऊब म्हणजे चांगलीच वाटते.

शांतीचा दिवस उजाडला. नणंद पुण्याहून आदल्या दिवशीच आली होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, जिभेने धाकटी. कोटाची गोष्ट सुनेने तिला सांगून टाकली होती.

"वहिनी, मी ऐकलं ते खरं का? रबराचं काही घालणार आहेस म्हणे."

"रबर नाही, पीव्हीसी."

"तेच ते. छत्रीची गरज नाही मग तुला."

मी पाटावर बसले. मंत्र झाले, पाणी आलं, एकामागून एक कलश. वैशाख असला तरी पहिलं पाणी अंगावर आलं आणि दात आवळले गेले. जुनं सुती लुगडं मांडीला चिकटलं, थेंब नडगीवरून टाचेखाली गेला. झालं, म्हटलं, ही शेवटची वेळ. उठले, आत गेले, ओलं उतरवलं, पुसून कोरं लुगडं नेसले. सून पेटीतून कोट घेऊन आली. तिचा चेहरा बघूनच माझे हात थांबले.

घडी उलगडत नव्हती. पदर पदराला चिकटले होते. दोघींनी दोन बाजूंनी धरून ओढलं तेव्हा फाटल्यासारखा आवाज करत तो सुटला. डांबरगोळ्या होत्या तिथे चार आंधळे, चिकट डाग. आणि कागद निघाले, पण अक्षरं निघाली नाहीत. छातीवर, पोटावर, पाठीवर काळ्या ओळीच ओळी, सगळ्या उलट्या.

"आई, याला कागद लावायचा नसतो," सून हळू म्हणाली. "तापलं की हे शाई ओढून घेतं. तुम्ही मला विचारलं असतंत तर."

कसं विचारणार? मला वाटलं, वस्त्र ठेवणं तरी मला येतं.

खोबरेल तेल आणलं. मी घासते, ती घासते. बाहेरून हाका, आरतीला थांबलेत. तेलाने वरची काळोखी गेली, पण खोल गेलेली अक्षरं तशीच. मी पलंगावर बसले. डोळ्यांत पाणी आलं नाही, राग आला. त्या गोळ्यांचा, त्या पेटीचा, माझ्या नीटनेटकेपणाचा.

"राहू दे. नुसतं लुगडं ठीक आहे," मी म्हटलं.

"एकदा घालून तर बघा," सून म्हणाली. तिने पावडरीचा डबा पुढे केला.

दंड आत गेले. तोच गारवा, दंडावर, मानेवर. डाग पडले तरी त्यात काही फरक नव्हता. तोच चर्र. मी आरशासमोर गेले, आणि आरशात ती उलटी अक्षरं सुलटी झाली. छातीवर डाव्या बाजूला स्वच्छ वाचता येत होतं. वधू पाहिजेच्या जाहिराती होत्या त्या पानावर. सुस्वरूप. शाकाहारी. गृहकृत्यदक्ष. बरोबर पोटावर, गृहकृत्यदक्ष. मी वाचलं आणि मला हसू फुटलं. सुनेने आरशात वाकून वाचलं आणि ती भिंतीला टेकली. दोघी तोंडावर हात धरून हसतोय आणि बाहेर घंटा वाजतेय.

"काय म्हणतील गं?"

"आरशाशिवाय कोणाला वाचताच येणार नाही."

मी दार उघडलं.

तीस-पस्तीस माणसं होती. मी चालले तसा कोटही चालला, प्रत्येक पावलाला आवाज करत. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात मी शिरले तेव्हा भिंतीवर लाल उजेड हलला. तो मी बघितला. सगळ्यांनी बघितला. नणंद पुढे आली, माझ्या बाहीवरून एक बोट फिरवलं, मग चारही बोटं, मग तळवा.

"गार आहे की गं," म्हणाली. हात काढेना.

हे कलश आवरत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मला राहवेना. तेलाचा वास येत असलेला, डागांचा, अक्षरांचा कोट, आणि वर माझं खोटं.

"अहो, हा कोरा नाहीये. आधीही नव्हता. मी दुपारी घालायची, मागच्या खोलीत. तुम्ही झोपल्यावर."

"मी झोपतो कुठे दुपारी," हे म्हणाले. "रोज खसफस यायची. मला वाटलं प्लॅस्टिकच्या पिशवीत उंदीर शिरलाय. म्हणून सापळा आणला."

"मग?"

"मग तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून बघितलं. उंदीर नव्हता."

"आणि तरीही सापळा पलंगाखाली तसाच ठेवलात?"

"काढला असता तर तुला कळलं असतं मला कळलंय. तू थांबली असतीस." यांचा उजवा कान हलला. "लुगडं कोरं आहे ना आतलं? झालं तर. हा वरून आहे."

मागून नणंद म्हणाली, "दादा, पाणी खरंच धरत नाही का रे हे? का नुसत्याच बढाया?"

एका कलशात तळाला पाणी उरलं होतं. यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. यांनी कलश उचलून माझ्या खांद्यावर धार धरली. पाणी कॉलरखालून मोती होऊन सुटलं, छातीवरून, जाहिरातींवरून, सरळ घोट्यापर्यंत गेलं आणि फरशीवर पडलं. मी पायाचं बोट आखडलं, सवयीने. काही लागलं नाही. आत लुगडं कोरडं, मांडी कोरडी.

"संपलं," हे म्हणाले.

"दुसऱ्या कलशात आहे की," मी म्हटलं. "पाठीवर घाला आता."